पंचविसाच्या आतले

इंग्लंडमध्ये २१ जुलै २०२५ रोजी फुटबॉलच्या कारभाराचा नवा कायदा मंजूर झाला. वरच्या पाच स्तरांतल्या ११६ क्लबांवर देखरेखीसाठी पहिल्यांदाच एक स्वतंत्र नियामक आला. क्लबच्या मालकाला आता मैदान परस्पर विकता येणार नाही. क्लबचं नाव, बोधचिन्ह आणि घरच्या जर्सीचा मुख्य रंगही मनाला येईल तसा बदलता येणार नाही. विम्बल्डनचा क्लब २००३ मध्ये उचलून मिल्टन कीन्सला नेला गेला आणि २०१२ मध्ये कार्डिफच्या निळ्या संघाला लाल जर्सी चढवली गेली. हे ज्यांनी पाहिलं, त्यांना या कलमांची किंमत वेगळी सांगायला नको. कायदा चांगला आहे. पण वारसा म्हणून त्यानं जे जपलं त्यात मैदान, रंग आणि चिन्ह आहे, त्या रंगात खेळलेल्या माणसांची यादी मात्र नाही.

मोठ्या खेळाडूंना या यादीची गरज नाही. त्यांचे पुतळे उभे आहेत, स्टँडना त्यांची नावं दिलेली आहेत. प्रश्न पंचविसाच्या आतल्यांचा आहे. इंग्लिश क्लबांच्या खेळाडूंच्या याद्या करणाऱ्यांनी सोयीसाठी रेघा मारल्या: शंभर सामन्यांच्या वरचे, पंचवीस ते नव्याण्णव आणि एक ते चोवीस. शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या क्लबच्या पहिल्या संघातून आजवर साधारण हजाराच्या आसपास माणसं खेळलेली असतात आणि त्यातला मोठा हिस्सा या शेवटच्या खान्यात पडतो. अनेकांच्या नावापुढे एक-दोन आकडे आणि एक हंगाम, यापलीकडे काही नसतं. एका सामन्यानंतरही क्लबचं त्या माणसाशी असलेलं नातं संपू नये, नोंदीच्या बाबतीत नाही आणि जबाबदारीच्या बाबतीतही नाही, हे या लेखाचं म्हणणं आहे. आणि हे नातं मालकाच्या मर्जीवर न सोडता नियामकाच्या परवान्याच्या अटींत आणावं.

मुळात रेघ कुठे मारायची हे कधीच पक्कं नव्हतं. प्रीमियर लीग जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूला पदक मिळायला आधी हंगामात १० सामने लागत. २०१२-१३ पासून ५ पुरतात. ६ सामने खेळलेला माणूस २०१२ च्या मेमध्ये विजेता ठरत नव्हता, पुढच्या मेमध्ये ठरला. खेळ तोच, मेहनत तीच, फक्त कागदावरचा आकडा हलला.

आकडाही दिसतो तितका सरळ नाही. १९६५ पर्यंत इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू नव्हता. अकरा जण उतरायचे. एखाद्याचा पाय मोडला तर उरलेले दहा खेळायचे. त्यामुळे तोवरचा एक सामना म्हणजे बहुधा पूर्ण ९० मिनिटं. २१ ऑगस्ट १९६५ रोजी बोल्टनविरुद्ध चार्ल्टनचा कीथ पीकॉक उतरला आणि लीगचा पहिला बदली खेळाडू ठरला. त्या हंगामात फक्त जखमी खेळाडूच्या जागीच बदली चालत असे. आज प्रीमियर लीगमध्ये पाच बदल करता येतात, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत उतरलेल्याचाही एक सामना धरला जातो. जाणकार म्हणूनच ‘७ (३)’ असं लिहितात: सुरुवातीपासून सात, बदली म्हणून तीन. बेंचवर बसून परत आलेल्याचा सामना धरत नाहीत. मैत्रीपूर्ण सामने धरत नाहीत. लीग, एफए कप, लीग कप आणि युरोपातल्या स्पर्धा धरतात. पण १९८५ ते १९९२ दरम्यान खेळल्या गेलेल्या फुल मेंबर्स कपसारख्या स्पर्धा एक जण धरतो, दुसरा सोडतो. एकाच माणसाचे एका यादीत २३ आणि दुसरीत २६ सामने येतात ते यामुळे. म्हणजे तो रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे यादी करणाऱ्याच्या हातात.

निक कल्किनचं उदाहरण घ्या. मँचेस्टर युनायटेडनं हा गोलकीपर १९९५ मध्ये यॉर्क सिटीकडून घेतला. २२ ऑगस्ट १९९९ रोजी आर्सेनलच्या हायबरी मैदानावर युनायटेड २-१ नं पुढे असताना गोलकीपर व्हान डर खाऊ जखमी झाला आणि भरपाईच्या वेळेत कल्किन उतरला. जेमतेम ८० सेकंद, आणि पंचांची शिट्टी. युनायटेडकडून तो पुन्हा कधीच खेळला नाही. यादीत त्याच्यापुढे ‘० (१)’ आहे. पण एवढ्या मोठ्या क्लबचा राखीव गोलकीपर आठवडाभर सराव करतो, सामन्याच्या दिवशी अंग तापवून तयार बसतो आणि घरी जातो. संघातल्या बाकी कुठल्याही जागेवर फिरवाफिरवी होते, या जागेवर होत नाही. पुढचा धडधाकट असेपर्यंत मागच्याला वाट पाहण्याशिवाय काम नाही. कमी सामन्यांच्या याद्यांत इतके गोलकीपर का असतात, याचं कारण गुणवत्तेपेक्षा या जागेच्या स्वभावात आहे.

इथून माझ्या म्हणण्याचा गाभा सुरू होतो. थोडे सामने खेळलेला माणूस म्हणजे कमी पडलेला माणूस, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात यातले बरेच जण क्लबच्या अडचणीत मैदानात उतरलेले असतात. अडचण क्लबची, गरज क्लबची. ती भागली की माणूस मोकळा.

कार्लाइल युनायटेड १९२८ पासून फुटबॉल लीगमध्ये होता. १९९८-९९ च्या शेवटी तो लीगच्या तळाला, म्हणजे लीगबाहेर जायच्या बेतात, पोचला आणि त्याच सुमाराला क्लबकडे गोलकीपर उरला नाही. नेहमीचा टोनी केग ब्लॅकपूलला विकला गेला होता. त्याच्या जागी डर्बीहून लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, आलेल्या कीपरला डर्बीनं परत बोलावलं. खरेदी-विक्रीची मुदत उलटून गेलेली. लीगची खास परवानगी काढून स्विंडन टाउनचा जिमी ग्लास लोनवर आणला गेला. तो एकूण तीन सामने खेळला. तिसरा ८ मे १९९९ चा, घरच्या ब्रंटन पार्कवर प्लिमथविरुद्ध. प्लिमथनं आधी गोल केला, डेव्हिड ब्राइटवेलनं बरोबरी साधली. पण बरोबरी पुरणार नव्हती, कारण तिकडे तळाच्या शर्यतीतल्या स्कारबरोचा सामना १-१ असा संपला होता आणि त्यांचे चाहते मैदानात येऊन आनंद साजरा करत होते. कार्लाइलला एक गोल हवा होता आणि भरपाई वेळेचे काही सेकंद उरले होते. कॉर्नर मिळाला. मॅनेजर नायजेल पिअरसननं ग्लासला पुढे जायची खूण केली. कॉर्नरवर स्कॉट डोबीनं हेडर मारला, प्लिमथच्या कीपरनं तो अडवला आणि सुटलेला चेंडू धावत आलेल्या ग्लाससमोर पडला. त्यानं उजव्या पायानं तो जाळ्यात घातला. खेळ पुन्हा सुरू झाला तोच शिट्टी वाजली. स्कारबरो लीगमधून बाहेर गेला, कार्लाइल राहिला.

तीन सामने, एक गोल. शंभर सामन्यांच्या यादीतल्या किती जणांनी क्लबसाठी याहून मोठं काही केलं असेल? पुढच्या हंगामात ग्लास कार्लाइलकडे नव्हता आणि तिशी गाठण्याआधीच त्याचं लीगमधलं खेळणं थांबलं. त्याचे बूट संग्रहालयात गेले. तो गोल झाला नसता तर या तीन सामन्यांची गोष्ट कुणी विचारली नसती, हेही लक्षात घ्यायला हवं. लोन-कीपर म्हणून येऊन दोन-तीन सामने सांभाळून गेलेले, संघाला एखादा गुण मिळवून दिलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्या वाट्याला तो कॉर्नर आला नाही, एवढंच.

अलीकडच्या काळातली दोन उदाहरणं आणखी स्पष्ट आहेत. १७ डिसेंबर २०१९ रोजी लिव्हरपूलला लीग कपमध्ये ॲस्टन व्हिलाशी खेळायचं होतं आणि दुसऱ्याच दिवशी दोह्यात क्लब वर्ल्ड कपचा सामना होता. पहिला संघ कतारला गेला. बर्मिंगहॅमला युवा संघ पाठवला गेला. सरासरी वय १९ वर्षं १८२ दिवस, क्लबच्या इतिहासातला सर्वांत तरुण संघ. हार ५-० अशी झाली. ८ जानेवारी २०२१ रोजी पाळी व्हिलाची होती. कोविडमुळे त्यांचं सराव-केंद्र बंद पडलं आणि एफए कपात लिव्हरपूलसमोर अकादमीची मुलं उतरली. लुई बॅरीनं गोल केला, सामना ४-१ असा गेला. वेळापत्रकातली गडबड आणि साथीचा रोग यांचा भार क्लबांनी ज्या मुलांच्या खांद्यावर दिला, त्यातल्या काहींच्या नावापुढे तो एकच सामना कायमचा राहिला. त्यांनी क्लबची वेळ निभावली. मग ‘पहिल्या संघाच्या लायकीचा नव्हता’ असं त्यांच्याबद्दल कसं म्हणता येईल? त्यांना लायकी दाखवायला बोलावलंच नव्हतं. सामना रद्द होऊ नये म्हणून बोलावलं होतं.

अली डियाचं नाव यात आलंच पाहिजे, कारण थोडे सामने खेळलेल्यांबद्दल बोलताना लोक हसतात ते बहुधा त्याच्यामुळे. २३ नोव्हेंबर १९९६, साउदॅम्प्टन विरुद्ध लीड्स. मॅट ल टिसिए जखमी झाल्यावर ३२ व्या मिनिटाला डिया उतरला आणि ८५ व्या मिनिटाला परत बोलावला गेला. जॉर्ज वेआच्या नावानं आलेल्या एका फोनवर क्लबनं त्याला महिनाभराच्या करारावर घेतलं होतं. त्याला आधी राखीव संघात अजमावून पाहायचं ठरलं होतं, पण मैदानात पाणी साचल्यानं तो सामना झालाच नाही. पहिल्या संघात जखमी इतके होते की त्याला तसंच बेंचवर बसवलं. साधी चौकशी झाली नाही, अजमावणी झाली नाही आणि मैदानात पाठवण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा होता. दरवर्षी निघणाऱ्या ‘सर्वांत वाईट’ खेळाडूंच्या याद्यांत मात्र नाव एकट्याचं असतं. खरा जॉर्ज वेआ, १९९५ चा बॅलन डी’ओर विजेता, २००० साली मँचेस्टर सिटीकडून लीगचे ७ सामने खेळून निघून गेला. सिटीच्या यादीत तोही पंचविसाच्या आतच आहे. एकाच खान्यात जगातला सर्वोत्तम आणि ५३ मिनिटांचा पाहुणा बसतात, तेव्हा त्या खान्यावरून लायकी ठरवायला जाऊ नये.

जुन्या काळात हा आकडा नियमानंच घडवलेला असे. १९६३ पर्यंत इंग्लंडमध्ये करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात राहत असे. क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. न्यूकॅसल सोडू पाहणाऱ्या जॉर्ज ईस्टमनं खटला भरला आणि न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायावरचं गैरवाजवी बंधन ठरवली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. कमाल पगाराची आठवड्याला २० पौंडांची मर्यादाही जानेवारी १९६१ पर्यंत होती. म्हणजे मोठ्या क्लबच्या राखीव संघात अडकलेला चांगला खेळाडू ना दुसरीकडे खेळू शकत होता, ना बसून राहण्याचे जास्त पैसे मागू शकत होता.

जेफ बेंट हा असाच एक. सॅलफर्डचा मुलगा, मँचेस्टर युनायटेडचा डावा बॅक. त्याच्या पुढे होता रॉजर बर्न, युनायटेडचा कर्णधार, इंग्लंडकडून सलग ३३ सामने खेळलेला. बेंटच्या वाट्याला पहिल्या संघाचे १२ सामने आले. १९५८ च्या फेब्रुवारीत संघ बेलग्रेडला निघाला तेव्हा बर्नच्या दुखापतीची शंका होती, म्हणून बेंटला सोबत घेतलं. तिथं बर्न खेळला, बेंट बसून राहिला. परतीच्या वाटेवर ६ फेब्रुवारीला म्युनिकला विमान कोसळलं. गेलेल्या आठ खेळाडूंत बर्न होता आणि बेंटही होता. युनायटेडच्या स्मारकफलकावर दोघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. आकडे तिथं नाहीत, आणि ते असावेत असं आजवर कुणाला वाटलेलं नाही.

म्युनिकनंतर तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, युनायटेडला शेफिल्ड वेन्स्डेशी एफए कपचा सामना खेळायचा होता. छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या बाजूला अकरा रिकाम्या जागा होत्या, कारण छापायला देताना कोण खेळणार हे कुणालाच माहीत नव्हतं. स्टॅन क्राउदरला ॲस्टन व्हिलाकडून घेतल्याची सही सामन्याच्या जेमतेम तासाभरापूर्वी झाली. त्या हंगामात तो व्हिलाकडून कप खेळला होता, म्हणून नियमानं दुसऱ्या संघाकडून खेळता येत नव्हतं. तो नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला. युनायटेड ३-० नं जिंकला. शे ब्रेनननं पदार्पणातच दोन गोल केले. क्राउदर युनायटेडकडून एकूण २० सामने खेळला आणि वर्ष संपायच्या आत चेल्सीला गेला. बिशप ऑकलंड या हौशी क्लबातून बॉब हार्डिस्टी आणि डेरेक लूइन मदतीला आले. ते राखीव संघातून खेळले आणि त्यांच्यामुळे तो संघ चालू राहिला. पहिल्या संघाच्या यादीत त्यांचा आकडा शून्य आहे. क्लबच्या इतिहासातल्या सर्वांत कठीण महिन्यांचा हिशेब मांडायचा तर पंचविसाच्या आतले आणि शून्यवाले यांच्याशिवाय तो लागतच नाही.

क्लबांना हे आकडे नगण्य वाटतात असंही नाही. पैशाचा प्रश्न आला की एकेक सामना मोजला जातो. २०१२ पासून लागू झालेल्या अकादमी योजनेत एका क्लबनं दुसऱ्याचा मुलगा घेतला तर भरपाई ठरलेली असते. सुरुवातीच्या दरांनुसार नऊ ते अकरा वयाच्या प्रत्येक वर्षामागे ३,००० पौंड आणि त्यापुढच्या वर्षांसाठी अकादमीच्या श्रेणीप्रमाणे १२,५०० ते ४०,००० पौंड. मुलगा पुढे पहिल्या संघात किती सामने खेळतो त्यावर आणखी हप्ते. करारातही अटी असतात: इतके सामने झाले की रक्कम, तितके झाले की मुदतवाढ. योनास गुतिएरेझच्या न्यूकॅसलबरोबरच्या करारात ८० सामने सुरुवातीपासून खेळल्यास एक वर्ष वाढेल, अशी अट होती. कर्करोगाच्या उपचारानंतर तो परतला तेव्हा ती अट पूर्ण होऊ नये अशा बेतानं निवड झाली, असा निष्कर्ष २०१६ मध्ये कामगार न्यायाधिकरणानं काढला. तो भरपूर सामने खेळलेला खेळाडू, पंचविसाच्या आतला नव्हे. पण निवड न होणं ही नेहमी खेळाचीच बाब नसते, हे या प्रकरणात कागदोपत्री सिद्ध झालं. हिशेबाच्या वहीत सामना मोजता येतो, तर आठवणीच्या वहीतही मोजता आला पाहिजे.

आणि काही सामने तर पुसले गेले आहेत. १९३९-४० चा हंगाम ऑगस्टअखेर सुरू झाला, २ सप्टेंबरला शेवटचे सामने झाले आणि ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं. बहुतेक संघांचे तीनच सामने झाले होते. लीगनं ते अधिकृत नोंदीतून वगळले. लीग परत सुरू झाली १९४६ मध्ये, तीही १९३९ चंच वेळापत्रक हाती घेऊन. त्या तीन सामन्यांत ज्यांनी पदार्पण केलं आणि सात वर्षांनी ज्यांचं वय उलटलं होतं किंवा जे युद्धात गेले, ते अधिकृत हिशेबात लीगचे खेळाडूच नाहीत. ॲक्रिंग्टन स्टॅन्लीनं मार्च १९६२ मध्ये लीग सोडली, त्या हंगामातले त्यांचे ३३ सामने रद्द झाले. ऑल्डरशॉट मार्च १९९२ मध्ये बुडाला, ३६ सामने रद्द. गुणतक्ता नीट राहावा म्हणून निकाल वगळणं समजू शकतं. पण निकाल वगळताना त्या सामन्यात धावलेली माणसंही वगळायची गरज नव्हती. समंजस नोंदकार हे सामने वेगळ्या रकान्यात ठेवतात. नियामकानं हीच पद्धत सक्तीची करावी: तक्त्यातून वगळलेला सामना खेळाडूच्या खात्यातून वगळायचा नाही, खूण करून ठेवायचा.

आता प्रत्येक क्लबच्या सगळ्या खेळाडूंची ही नोंदवही व्हावी कशी, ते सांगतो. ‘याद्या तर सगळीकडे आहेत’ असं म्हणणाऱ्यांना त्या किती कच्च्या आहेत याची कल्पना नसते.

प्रत्येक खेळाडूची एक ओळ. तिच्यात पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव, कुठून आला, नोंदणीचा दिवस, पहिला आणि शेवटचा सामना तारखेसह, स्पर्धेप्रमाणे वेगळे आकडे, सुरुवातीपासून किती आणि बदली म्हणून किती, जागा, आणि कसा गेला: विकला, मोकळा केला, लोन संपलं, दुखापत, मृत्यू. शेवटी, प्रत्येक गोष्ट कुठल्या कागदावरून घेतली ते. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वेळा रिकामा.

चुका कुठे होतात? पहिली मोठी चूक छापील कार्यक्रमपत्रिकेवर विश्वास ठेवण्याची. ती सामन्याच्या आधी छापली जाते. सकाळी कुणी आजारी पडला, गाडी चुकली, तर मैदानात दुसराच उतरतो आणि कागदावर पहिल्याचं नाव राहतं. म्हणून शनिवारच्या संध्याकाळच्या क्रीडा-आवृत्तीशी आणि सोमवारच्या स्थानिक वर्तमानपत्राशी ताडून पाहावंच लागतं, आणि तेही दोन्ही गावांच्या. पाहुण्या संघातला अनोळखी बदली खेळाडू यजमान गावच्या वार्ताहराला ओळखता येत नसे. त्याच्या स्वतःच्या गावचा वार्ताहर ओळखायचा. दुसरी अडचण क्रमांकांची. लीगमध्ये पाठीवर क्रमांक १९३९ पासून सक्तीचे झाले. त्याआधी प्रेसच्या जागेतून चिखलानं माखलेले बावीस जण ओळखायचे म्हणजे अंदाजाचंच काम. तिसरी, नावांची. फक्त आद्याक्षर आणि आडनाव. एकाच गावात दोन ‘जे. स्मिथ’ असले की एकाचे चार सामने दुसऱ्याच्या खात्यात जातात, आणि खाली पडतो तो नेहमी थोडे सामने खेळलेला. हौशी खेळाडू कधी नोकरीच्या भीतीनं खोटं नाव लावायचे.

माणूस ओळखण्याची वाट अशी: इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद जुलै १८३७ पासून आहे, तिमाहीवार सूचीसह. जनगणना १९२१ पर्यंत पाहता येते. १९३१ ची जनगणना आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. त्यामुळे २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही हा मधल्या काळातला एकमेव मोठा आधार आहे आणि तिच्यात जन्मतारीख असते. क्लबची नोंदणी, वर्तमानपत्रातला पत्ता आणि १९३९ ची जन्मतारीख, असे तीन धागे जुळले तरच माणूस पक्का धरावा. दोनच जुळले तर तसं लिहून ठेवावं. हयात खेळाडूंचा पत्ता किंवा तब्येत या वहीत येता कामा नये. संपर्काची माहिती खेळाडूंच्या संघटनेकडे बंद राहावी.

हे सगळं फक्त आठवणीपुरतं नाही. ग्लासगो विद्यापीठात विली स्टुअर्ट यांच्या गटानं २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना त्याच वयाच्या २३,०२८ सर्वसामान्य माणसांशी केली. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण खेळाडूंत साडेतीन पट निघालं. पुढे २०२१ मध्ये जागेप्रमाणे पाहिलं तेव्हा गोलकीपरमध्ये वाढ दिसली नाही आणि बचावपटूंत ती सर्वाधिक, सुमारे पाच पट दिसली. कारकीर्द जितकी लांब तितका धोका जास्त. हे संशोधन शक्य झालं ते खेळाडूंची नावं, जन्मतारखा आणि जागा जुन्या फुटबॉल-नोंदींतून काढून आरोग्याच्या नोंदींशी जोडता आल्यामुळे. ज्याची जन्मतारीख कुणी शोधली नाही, तो असल्या अभ्यासात येऊच शकत नाही. एखाद्या क्लबच्या यादीत ६ सामने असलेला माणूस खालच्या स्तरांत तीनशे सामने खेळलेला असू शकतो आणि आठवडाभर सरावात भिजलेला कातडी चेंडू डोक्यानं मारत आलेला असू शकतो. धोका कारकिर्दीचा असतो, एका क्लबच्या आकड्याचा नव्हे. क्लबांनी आपापले सहा-सहा सामने ‘किरकोळ’ म्हणून सोडले तर ती कारकीर्द जोडणार कोण?

जबाबदारीचा दुसरा भाग तरुणांचा. सोळाव्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती, मग करार मिळाला तर मिळाला. मे महिन्यात कुणाला ठेवलं आणि कुणाला सोडलं याची यादी निघते आणि ३० जूनला करार संपतो. एक सामना खेळलेल्या वीस वर्षांच्या मुलाच्या हातात या दोन तारखांमध्ये पाच-सहा आठवडे असतात. या काळात त्याला तीन गोष्टी लागतात. सरावाच्या दुखापतींसह वैद्यकीय कागद, जे नव्या क्लबच्या तपासणीत मागितले जातात. त्याच्या खेळाचं चित्रीकरण. आणि फोन उचलणारा एक ठरावीक माणूस. क्रिस्टल पॅलेसनं अकादमीतून सोडलेल्या १८ ते २३ वयाच्या खेळाडूंसाठी तीन वर्षांच्या पाठबळाचा कार्यक्रम सुरू केला. एका क्लबला जमलं ते बाकीच्यांना जमायला हरकत नाही. एव्हर्टनच्या माजी खेळाडूंसाठीची धर्मादाय संस्था तर १९९९ पासून काम करते आहे.

यावर रास्त आक्षेप एकच आहे, तो पैशाचा. चौथ्या-पाचव्या स्तरावरचा क्लब पगार कसेबसे देतो, त्याच्यावर आणखी एक ओझं कशाला? म्हणूनच माझं म्हणणं असं की नोंदवहीची अट क्लबवर असावी आणि खर्च लीगच्या एकत्रित निधीतून व्हावा. काम आजही प्रत्येक गावात दोन-चार जाणते चाहते फुकट करताहेत. त्यांना दफ्तर उघडून द्यायला आणि पानं स्कॅन करून द्यायला फार पैसे लागत नाहीत. शिवाय क्लब कायमचे नसतात. भाईचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी (Bury) या क्लबकडे गेला, युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारा पहिला भारतीय. तिथं तो लीगचे ३७ सामने खेळला. सुनील छेत्रीला २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सनं घेतलं, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात नसल्यानं कामाचा परवाना नाकारला गेला. त्याच्या खात्यात शून्य आहे आणि त्या शून्याचं कारण कुठेतरी लिहिलेलं हवं. बरी क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. नंतर चाहत्यांनी तो खालच्या स्तरावर पुन्हा उभा केला, पण मधल्या वर्षांत जुन्या खेळाडूंसाठी उत्तर देणारा क्लबच नव्हता. नोंदवहीची प्रत लीगकडे असली तर क्लब बुडाला तरी माणसं बुडत नाहीत.

वेळ थोडा आहे. १९५८ मध्ये अठराव्या वर्षी पदार्पण केलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. त्याला विचारायचं ते असं: त्या शनिवारी कार्यक्रमपत्रिकेत नाव दुसऱ्याचं होतं, मैदानात तुम्ही होता का? डाव्या बाजूला खेळलात की उजव्या? सोडल्याचं पत्र कुणी दिलं, कुठल्या तारखेला? नंतर कुठल्या क्लबकडून, कुठल्या गावात खेळलात? सरावाला रोज किती वेळ चेंडू डोक्यानं मारायला लावायचे? आणि तुमच्याबरोबर त्या दिवशी खेळलेला, यादीत नुसतं आद्याक्षर असलेला तो दुसरा मुलगा, त्याचं पूर्ण नाव काय होतं?